कमी नावाच्या पण पैसे वसूल वाइन: गोव्यात राहून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही फोंड्याचे. पुण्या-मुंबईकडचं कुणी आमच्याकडे राहायला आलं की सकाळी मंगेशी-म्हार्दोळ आणि संध्याकाळी वाइन शॉप हा कार्यक्रम ठरलेलाच असतो, आणि मग दुकानातून मला फोटो येतात, वहिनी यातली कुठली घेऊ? तेच तेच उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतेय. मी कसलाही कोर्स वगैरे केलेला नाही, पिऊन, फसून आणि दुकानदारांचं डोकं खाऊन जे कळलं ते हे. माझं बजेट बाटलीला हजार ते दीड हजार, सणासुदीला थोडं वर. वयाची २१ पूर्ण नसतील त्यांनी नुसतं वाचावं.

कमी नावाचा प्रदेश म्हणजे नेमका कुठला?

बोर्दो, बर्गंडी, शॅम्पेन, बरोलो, नापा ही नावं ज्याने आयुष्यात घोट घेतला नाही त्यालाही माहीत असतात आणि त्या माहीत असण्याचेच पैसे आपण मोजतो. तिथली जमीन महाग, लेबल महाग, सगळंच महाग. डोंगर ओलांडून पलीकडे गेलं की कष्ट तेवढेच, ऊनही तेवढंच, फक्त नाव नाही, म्हणून भाव उतरतो. देवगड हापूस साऱ्या देशाला ठाऊक, पण मानकुराद गोव्याबाहेर किती जणांनी खाल्लाय? खाऊन बघा आणि मग बोला. (मानकुराद स्वस्त नसतो हे मान्य, एप्रिलात डझनाचा भाव ऐकून घाम फुटतो, पण मुद्दा लक्षात आला ना.)

गोव्यात तर दारू स्वस्त, मग इम्पोर्टेड वाइन एवढी महाग का?

गोव्याचा राज्य कर शेजारच्यांपेक्षा कमी आहे हे खरं, पण कस्टम ड्यूटी दिल्लीची, ती सगळ्यांना सारखीच. बाहेरच्या वाइनवर ती मिळून १५०% पडत आलीये. म्हणजे बंदरात ४०० रुपयांना उतरलेली बाटली तिथल्या तिथे १००० ची होते, आणि त्यावर मग इम्पोर्टर, डिस्ट्रिब्युटर, राज्याचा कर, दुकानदाराचा गाळा. ऑस्ट्रेलियाशी करार झाला तो २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, त्यात ५ डॉलरच्या वरच्या बाटलीला ड्यूटी १००% वर आली आणि दहा वर्षांत हळूहळू ५०% पर्यंत उतरणार, त्यामुळे ऑस्ट्रेलियन शेल्फवर अधूनमधून नजर टाकत जा.

आता यातून काय निघतं ते बघा. काच, बूच, लेबल, जहाजाचं भाडं हे सगळं चांगल्या-वाईट दोन्ही बाटल्यांना जवळपास सारखंच लागतं. त्यामुळे दुकानात दीड हजाराला मिळणाऱ्या बाटलीत प्रत्यक्ष द्राक्षाच्या वाट्याला फार थोडे रुपये येतात, आणि ती जर बोर्दो असेल तर त्यातलेही निम्मे नावाला. म्हणून माझा एकच नियम आहे, नामवंत प्रदेशाची सगळ्यात स्वस्त बाटली कधीही घ्यायची नाही. त्याच पैशात अनोळखी गावची मधली-वरची बाटली येते.

बरं, सुरुवात कुठून करू?

पोर्तुगालपासून. ४५१ वर्षं इथे होते, पाव दिला, मिरची दिली, काजू दिला, आणि आपल्याला त्यांची वाइन म्हटलं की फक्त पोर्त आठवते. त्या एवढ्याशा देशात अडीचशेच्या वर स्वतःच्या द्राक्षाच्या जाती आहेत आणि त्यांची नावं उच्चारता येत नाहीत म्हणून जग त्यांना कमी भाव देतं, जो आपला फायदा.

व्हिन्यो व्हेर्द आधी घ्या. व्हेर्द म्हणजे हिरवी, पण रंगाने नाही, कोवळी या अर्थाने. वायव्येचा मिन्यो भाग, पाऊस भरपूर, वाइन हलकी, आंबट, अल्कोहोल बऱ्याचदा ९ ते ११ टक्क्यांच्या आसपास आणि जिभेवर बारीकशी चुरचुर. मे महिन्यातल्या दुपारी, फॅन गरम हवा फेकत असताना, याच्याइतकं बरं काही नाही. अल्व्हारिन्यो असं द्राक्षाचं नाव लेबलवर दिसलं तर ती जरा भारदस्त आणि जरा महाग.

मग दांव. (दाओ नाही, नाकातून म्हणायचं, कोंकणी येणाऱ्यांना सोपं.) ग्रॅनाइटच्या जमिनीवर, चारी बाजूंनी डोंगर, तिथली लाल वाइन सुगंधी आणि अंगाने शिडशिडीत. या दांवचं नाव खराब झालं कसं ती गोष्ट आपल्या माणसांना लगेच पटेल. तिथला हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीत कायदाच केला की शेतकऱ्याकडून द्राक्षं फक्त सहकारी संस्थांनीच घ्यायची, खाजगी वाइनवाल्याने त्यांच्याकडून तयार माल उचलायचा. द्राक्षं चांगली आणली काय नि वाईट आणली काय, सगळी एकाच टाकीत. चाळीसेक वर्षं हे चाललं, नाव मातीत गेलं, आणि १९८६ ला पोर्तुगाल युरोपियन समुदायात गेल्यावर मग तो नियम सुटला. वाइन केव्हाच सुधारली, नाव अजून सावरतंय, आणि त्या मधल्या फटीत आपण खरेदी करायची.

आलेंतेजू दक्षिणेला, उन्हाचा प्रदेश, लाल वाइन गोलसर आणि पहिल्या घोटाला आवडणारी. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं आणि त्या झाडांची मोठी राई इथेच. काही लोक अजून मातीच्या रांजणात वाइन करतात, त्याला ताल्या म्हणतात. नवीन माणसाला मी आलेंतेजूच देते, तक्रार येत नाही.

आपली गोव्याची पोर्ट वाइन आणि खरी पोर्त एकच ना?

नाही हो. खरी पोर्त दोरू नदीच्या खोऱ्यातली, त्या प्रदेशाची हद्द १७५६ मध्येच आखून दिलीये. द्राक्षरस आंबत असताना मधेच ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात, यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते, म्हणून ती गोडही असते आणि १९ ते २२ टक्के कडकही. आपल्याकडची लाल गोड पोर्ट बहुतेक कर्नाटकातून येणाऱ्या बेंगलोर ब्लू द्राक्षाची. गोव्यात वाइनचे मळे कुठून असणार, वर्षाला १२० इंच पाऊस आणि बारा महिने दमट हवा, वेलाला बुरशीच लागायची. युरोपात ती पोर्ट या नावाने विकता येणार नाही. पण म्हणून नाक मुरडू नका, नाताळात बर्फ घालून, लिंबाची फोड टाकून घ्या. आमच्या सासूबाई बाटलीत काहीही असो त्याला पोर्तच म्हणतात, मी सांगणं सोडून दिलंय.

स्पेन, इटली, फ्रान्समध्ये काय शोधू?

स्पेनमध्ये रिओहा सोडून थोडं बाजूला व्हा. कालातायुद आणि काम्पो दे बोर्हा इथली गार्नाचा द्राक्षाची, म्हाताऱ्या वेलींची, पैशाच्या मानाने भरभरून. हुमिया इथली मोनास्त्रेल काळीकुट्ट आणि दमदार, मटणाला. बिएर्सो इथली मेन्सिया मात्र नाजूक, आणि गंमत म्हणजे दांवमध्ये जायें म्हणून जे द्राक्ष आहे ते हेच. पांढऱ्यात रुएदाची व्हेर्देहो.

इटलीत खालच्या टोकाला उतरा, पुल्याची प्रिमितिव्हो, सिसिलीची नेरो दाव्होला. मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो जेवणाबरोबर छान जाते, इथे मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव, पण ते टस्कनीतल्या एका गावाचंही नाव आहे आणि तिथली वाइन वेगळ्याच द्राक्षाची नि महाग, तेव्हा घोळ करू नका. फ्रान्स म्हटलं की लांगदॉक. तिथली पिकपूल द पिने ही पांढरी शिंपल्यांच्या खाडीच्या काठची आहे, आणि शिंपल्यांच्या खाडीकाठचं म्हटल्यावर आपल्याला अजून काय सांगायचं!

चिलीची कारमेनेर एवढंच जोडते. ती तिथे वर्षानुवर्षं मर्लो समजून लावली-विकली जात होती, १९९४ ला एका फ्रेंच तज्ज्ञाने पानं बघून सांगितलं की हे मर्लो नाहीच. हिरव्या मिरचीचा बारीक वास येतो तिला, कुणाला आवडतो कुणाला नाही.

ती केशरी रंगाची वाइन काय प्रकार आहे? संत्र्याची असते का?

संत्र्याचा काही संबंध नाही. पांढरी द्राक्षं सालासकट आंबवली की रंग केशरी येतो आणि चहासारखा तुरटपणा येतो. जॉर्जिया देशात हे फार जुनं, जमिनीत पुरलेल्या क्वेव्हरी नावाच्या रांजणात करतात, २०१३ ला युनेस्कोने त्या पद्धतीला वारसा म्हणून घेतलं. तिथे वाइन होते त्याचे पुरावे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. कुणी फिरायला जाऊन आलं तर मागवा. लाल हवी असेल तर सापेरावी.

आणि भारतातली? नाशिक सोडून काही आहे का?

आहे की, आणि खरं सांगायचं तर हजार रुपयांच्या आत मी भारतीयच घेते, कारण त्यात ड्यूटी नाही, जहाज नाही, कंटेनरमध्ये उकडत येणं नाही. आपल्याकडे पावसाळा संपला की सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी, म्हणजे युरोपच्या बरोबर उलट. त्यामुळे चालू सालाची पांढरी वाइन उन्हाळ्या-पावसाळ्यात ताजी ताजी मिळते, बाटलीवर साल बघून घ्या.

सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज. ऊस नि राजकारण एवढंच आपल्याला ठाऊक, पण फ्रातेल्लीने तिथे इटालियन सांजोव्हेसे लावलीये आणि ती शेव-चिवड्यापासून चिकनपर्यंत सगळ्याला चालते. बंगळुरूजवळ नंदी हिल्सला ग्रोव्हर, जुनी माणसं. हंपीच्या टेकड्यांवर कृष्मा, ती महाग आहे पण पाहुण्यांना इंडियन म्हणून दिली की चेहरे बघण्यासारखे होतात. नाशिकची शेनँ ब्लाँ सगळीकडे मिळते, काही थोडी गोडसर असते, आणि तेच तिचं तिखटाबरोबर काम आहे, कमीपणा नाही.

नुस्त्याबरोबर, म्हणजे माशांबरोबर, कुठली वाइन? पांढरीच का?

पांढरीच असं काही नाही, पण मसाला काय आहे ते आधी बघा, मासा नंतर. तिखट जेवणाबरोबर कडक आणि तुरट लाल वाइन घेतली की तोंडात आग होते, मिरची दुप्पट लागते. हे लक्षात ठेवलं की बाकी सोपं.

तिसऱ्यांचं सुकं: आईकडे गेल्या एप्रिलात ओल्या खोबऱ्यात, थोडी कोकमं टाकून केलेलं, गरम कढई तशीच टेबलावर. व्हिन्यो व्हेर्द फ्रीजमधून काढली, ग्लासाला बाहेरून पाणी सुटलेलं. शिंपलीतला रस चोखायचा आणि मागून एक घोट. खोबऱ्याचा गोडवा राहतो, खारटपणा धुतला जातो, आणि परत हात कढईकडे. बाबांनी, जे फेणीशिवाय काही घेत नाहीत, ग्लास पुढे केला आणि म्हणाले, ही लिंबूपाण्याची बहीण दिसते. मी याला प्रशंसा समजते.

रवा लावून तळलेला इसवण (सुरमई): आंबट पांढरी किंवा कुठलीही स्पार्कलिंग, तेल कापायला. रेशाद बांगडा मात्र अवघड, त्यात व्हिनेगर, मिरची, माशाचं तेल सगळंच जोरात, तिथे रोझे (गुलाबी वाइन) किंवा गोडसर शेनँ. बांगड्याचं हुमण, तिरफळवालं, याच्यापुढे मी हात टेकले, सोलकढी घ्या. शाकुतीला गार्नाचा किंवा आलेंतेजू, भाजलेल्या खोबऱ्याशी जमतं. खतखत्याबरोबर (मिश्र भाज्यांचं) रुएदा घेऊन बघितली, बरी लागली. सोरपोतेल आणि विंदालू या डुकराच्या मटणाच्या पदार्थांना आंबटपणा असलेली लाल, दांव एकदम. विंदालू हे नावच मुळात पोर्तुगीज व्हिन्या द आल्योस, म्हणजे वाइन आणि लसूण, इथे येऊन वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं. बेबिंकाबरोबर मोश्कातेल द सेतूबाल मिळाली तर दुसरं काही शोधू नका, जायफळ-तूप-साखर आणि तो संत्र्याच्या सालीचा वास.

श्रावण-चतुर्थीत हे प्रश्न विचारू नका, उत्तर मिळणार नाही.

वाइन खराब झालीये हे दुकानातच कसं ओळखायचं?

हा खरा महत्त्वाचा प्रश्न, आणि गोव्यात प्रदेशापेक्षा हा मोठा. माझाच किस्सा सांगते. हायवेवरच्या एका दुकानात (नाव घेत नाही) पोर्तुगीज पांढरी बाटली, भाव बघते तर चक्क निम्मा. काचेच्या शोकेसमध्ये उभी, वर पिवळा बल्ब, समोरून चारचं ऊन. साल बघितलं तर पाच वर्षांपूर्वीचं. मी विचारलं एवढी जुनी? तर म्हणाला, ताई वाइन जुनी तेवढी चांगली. मला माहीत असूनही मी घेतली, कारण निम्मा भाव! घरी येऊन बघते तर वरची फॉइल फिरवली तर फिरेना, खाली चिकट गळलेलं, बूच एक सूत वर आलेलं. ग्लासात ओतली तर रंग काळ्या चहासारखा, वास शिजवलेल्या सफरचंदाचा. सासूबाईंनी वास घेऊन सांगितलं, हे व्हिनेगर म्हणून ठेव. तेही झालं नाही.

तर बघायचं हे. बूच वर आलंय का, फॉइल चिकटलीये का, पांढरीचा रंग तपकिरीकडे गेलाय का, बाटली उन्हात किंवा बल्बखाली होती का. साध्या पांढऱ्या आणि रोझे दोन वर्षांच्या आतल्याच घ्या, साल छापलंच नसेल तर मागच्या स्टिकरवर इम्पोर्टची किंवा पॅकिंगची तारीख शोधा. ज्या दुकानात एसी दिवसा चालू नि रात्री बंद तिथे वाइन रोज थंड-गरम होते, तेही वाईटच. मी तर मागच्या खोलीत बॉक्समधली आहे का म्हणून विचारते, निदान उजेड तरी लागलेला नसतो.

उघडल्यावर जुलै महिन्यात कपाटात राहिलेल्या जुन्या पेपरचा वास आला, ओलसर पुठ्ठ्याचा, तर तो बुचाचा दोष. त्यात दुकानदाराची चूक नाही, पण बिल असेल तर चांगला दुकानदार बदलून देतो.

स्क्रू कॅप म्हणजे हलक्या प्रतीची वाइन ना?

उलट. बूचच नाही म्हणजे बुचाचा तो दोषही नाही. आपल्या हवेत मी दोन सारख्या बाटल्यांतली स्क्रू कॅपवालीच उचलते.

लाल वाइन रूम टेम्परेचरला प्यायची म्हणतात?

ती रूम युरोपातली, १६-१८ डिग्रीची. आपली रूम ३१. लाल बाटली प्यायच्या आधी २०-२५ मिनिटं फ्रीजमध्ये टाका, कुणी हसलं तर हसू दे. साठवायचीही फ्रीजमध्येच, खालच्या भाजीच्या कप्प्यात, कपाटावर अजिबात नाही.

एकच वाइन गोव्याच्या उकाड्याला भीत नाही, ती मदैरा, पोर्तुगालच्या त्याच नावाच्या बेटावरची. तिला करतानाच तापवतात, साधी असेल ती ४५-५० डिग्रीत तीन महिने. पूर्वी जहाजातून पिंपं भारतापर्यंत येऊन परत जायची आणि परतलेली वाइन जास्त चांगली लागायची, तिथून ही पद्धत आली. उघडून महिनोन् महिने ठेवा, काही होत नाही. कुणी लिस्बनहून येत असेल तर चॉकलेटं नकोत, ही सांगा.

उघडलेली बाटली किती दिवस?

पांढरी-लाल दोन्ही, बूच लावून फ्रीजमध्ये, तीन दिवस. पोर्त काही आठवडे. चौथ्या दिवशी लाल वाइन मटणात.

लेबलवर काय वाचू?

प्रदेशाचं नाव आणि साल. रेझर्व्हा, सिलेक्शन, प्रीमियम या शब्दांना देशोदेशी वेगवेगळे अर्थ आणि कुठे कुठे काहीच अर्थ नाही, त्यावर भाळू नका. सोन्याच्या मेडलचे स्टिकर तर अजिबात नाही. ॲपवरचे स्टार बघायचे तर बघा, पण ते स्टार देणाऱ्याने थंड देशात नीट ठेवलेली बाटली प्यायलेली असते.

पुण्याला चार बाटल्या नेल्या तर चालतं का?

परमिटशिवाय नको. दुकानातच विचारा, पक्कं बिल घ्या. महाराष्ट्राचे नियम वेगळे आहेत आणि नाक्यावर उभं राहून वाइनवर चर्चा करण्यात मजा नाही.

दुकानात जाऊन नेमकं काय बोलू? मला काही कळत नाही असं वाटतं.

वाइन शॉप म्हणजे नव्वद टक्के व्हिस्की आणि बिअर, त्यामुळे समोरच्यालाही बऱ्याचदा कळत नसतं, घाबरू नका. बेस्ट कुठली असं विचारलं की सगळ्यात महाग किंवा पडून राहिलेली हातात येते. त्यापेक्षा विचारा, गेल्या महिन्यात आलेला माल कुठला? कमी नावाच्या बाटल्या थोड्याच येतात, कारण प्रत्येक लेबल राज्याच्या एक्साइजकडे वेगळी फी भरून नोंदवावं लागतं, दहा पेट्यांसाठी ते परवडत नाही, त्यामुळे आज दिसलेली दांव पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आवडली तर लगेच आणखी दोन उचला. आणि मला फोटो पाठवताना पुढचा नको, मागच्या स्टिकरचा पाठवा, तारीख दिसेल असा.